रीळ नोंद 3: ‘बाहुल्यांचो खेळ’ निघाला लंडनचा

सावंतवाडीच्या मावशीच्या माळ्यावर सापडलेल्या 16 मिलिमीटरच्या रिळाचं कोडं सुटलं. डब्यावर काकांच्या अक्षरात ‘बाहुल्यांचो खेळ’ एवढंच लिहिलेलं. सुरुवातीची पट्टी तुटलेली, त्यामुळे नाव नाही, श्रेयनामावली नाही. जवळच पिंगुळी, तिथल्या ठाकर समाजाच्या चामड्याच्या बाहुल्या. रीळ त्यांच्याच खेळाचं असेल, मागच्या दोन्ही नोंदी मी याच आशेवर लिहिल्या होत्या.

डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो, म्हणजे फिल्मचं प्लास्टिक, अ‍ॅसिटेट, सडायला लागलंय. अशी फिल्म प्रोजेक्टरवर चढवायची नाही, हे नव्याने या छंदात आलेल्यांनी कृपा करून लक्षात ठेवावं. मी हातमोजे घालून, रिवाइंडरवर हाताने, लाइटबॉक्सवरून फूट-फूट पुढे सरकवत पाहिली. भरली 345 फूट. एका बाजूला भोकं, दुसऱ्या बाजूला आवाजाची पट्टी, म्हणजे वेग सेकंदाला 24 फ्रेम. मिनिटाला 36 फूट या हिशेबाने साडेनऊ मिनिटांचा बोलपट.

पिंगुळीची आशा पहिल्याच संध्याकाळी डळमळली. चामड्याची बाहुली रंगवलेली असते, उजेड तिच्यातून पार होऊन पडद्यावर येतो. कृष्णधवल फिल्मवरही तिचे दागिने, डोळे, वस्त्रावरची नक्षी करड्या छटांत दिसायला हवी. इथे आकृत्या शाईसारख्या काळ्याकुळकुळीत. शिवाय बाहुली पडद्यापासून जराशी मागे गेली की सावलीची कड धूसर होते. या रिळात भिंग लावून शे-दीडशे फ्रेम पाहिल्या, कड कुठेच हलली नाही. काठीची सावली नाही, हाताची नाही. करकोचाची मान मात्र मण्यांच्या माळेसारखी वाकते, एकेका फ्रेमला केसभर. हा रंगमंचावरचा खेळ नव्हेच. काचेवर आडव्या ठेवलेल्या आकृत्या, खालून दिवा, वरून कॅमेरा, आणि दर खेपेला बोटाने किंचित सरकवणं.

मग फिल्मची कड वाचली. कोडॅकच्या कडेवर ‘सेफ्टी’ हा शब्द असतो आणि त्याच्या सहा इंग्रजी अक्षरांत कुठेतरी एक बारीक ठिपका. पहिल्या-दुसऱ्या अक्षरांमध्ये असेल तर फिल्म बनली अमेरिकेत रोचेस्टरला, दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये असेल तर कॅनडा, तिसऱ्या-चौथ्यामध्ये असेल तर इंग्लंड. माझ्या फिल्मवर तो तिसऱ्या-चौथ्यात आहे. सालासाठी गोल-चौकोन-त्रिकोणांची चिन्हं असतात, पण तिथे मी आठवडाभर चुकीच्या वाटेवर होतो. अमेरिकेचा तक्ता लावून बसलो होतो आणि इंग्लंडचा वेगळा आहे. आधी ठिपका, मग चिन्ह, हा क्रम सोडू नका.

इंग्लंड, छायाकृती, बोलपट. एवढ्यावर एकच नाव डोळ्यांसमोर येतं: कागदी छायाकृतींचे चित्रपट करणाऱ्या जर्मन कलावंत लोटे रायनिगर. आता गोष्ट पाहा. फेटेवाले दोघे, मग त्यांच्या जागी दोन करकोचे, पुढे एक घुबड. ही जर्मन लेखक विल्हेल्म हाउफची खलिफा-करकोचाची कथा, 1826 च्या त्याच्या कथा-वार्षिकातली. बगदादचा खलिफा आणि वजीर जादूची पूड हुंगून ‘मुताबोर’ म्हणतात आणि करकोचे होतात. त्या रूपात हसलं की शब्द विसरायचा, आणि हे दोघे हसतातच. हाउफच्या कथेतलं घुबड म्हणजे शापित राजकन्या, आणि ती हिंदुस्थानची! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. रायनिगरबाईंनी ही कथा 1954 साली केली.

या फिल्ममागची माणसं मला फिल्मइतकीच मोलाची वाटतात. 1923 साली जर्मनीत चलन कोसळत असताना लुई हागेन नावाच्या बँकरने पैसे कोऱ्या फिल्ममध्ये गुंतवून ठेवले होते. ती फिल्म त्याने रायनिगरबाईंना दिली, पोट्सडॅमला गॅरेजच्या वरची जागाही दिली. तिथे तीन वर्षं खपून त्यांचा लांबीचा छायाचित्रपट ‘राजपुत्र अहमद’ उभा राहिला, 1926 मध्ये बर्लिनला दाखवला गेला. त्याची मूळ निगेटिव्ह आज नाही. त्याच बँकरचा मुलगा, तोही लुई, पुढे नाझींच्या छळछावणीतून सुटून इंग्लंडला आला, दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमधल्या आर्नहेमला ब्रिटिशांकडून लढला, आणि 1953 मध्ये लंडनला प्रिमरोझ प्रॉडक्शन्स काढून रायनिगरबाईंच्या परीकथा टेलिव्हिजनसाठी केल्या. बापाने एक चित्रपट उभा केला, मुलाने डझनभराहून जास्त. त्यांतलाच एक सावंतवाडीच्या माळ्यावर होता.

मावशीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “तुझे काका पोरांका जमवून भिंतीर दाखवायचे, करकोचे इले की सगळी पोरां हसत.”

रीळ आता हवा खेळेल अशा प्लास्टिकच्या डब्यात, बाकीच्या रिळांपासून लांब ठेवलंय. आम्लता तपासायच्या पट्ट्या आत टाकल्यात, सकाळपर्यंत निळ्याच्या हिरव्या झाल्या. त्यामुळे स्कॅनिंग दिवाळीपर्यंत न थांबवता याच महिन्यात.