फ्युरीचा ब्लॉक: स्लीव बसली, पण पिस्टन पकडतोय

मागच्या नोंदीत क्रँककेस बंद करून थांबलो होतो. आता एन्फिल्ड फ्युरी या मोटरसायकलचं हे टू-स्ट्रोक इंजिन स्टँडवर चालतंय. पहिल्या-दुसऱ्या किकमध्ये सुरू होतं, आवाज गोल आहे, आणि नीट तापलं की आपोआप मंदावत बंद पडतं. अर्धा तास थंड होऊ दिलं की पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात चालू! हा हलका जॅम कुठून येतो ते सापडलंय.

आधी क्रँकचं उरकतो. नवी पिन, नवा रॉड, नवं बेअरिंग प्रेसवर बसवलं. व्ही-ब्लॉकवर रनआउट (फिरवताना दिसणारा डगमग) सुरुवातीला ०.०९ मिमी होता. भुसावळच्या टर्नर काकांनी तांब्याच्या हातोडीने दोन्ही टोकांना ०.०२ वर आणला. ०.०३ सुद्धा चाललं असतं, पण डायल गेजचा काटा जवळजवळ हलत नाही हे बघण्यातली मजा वेगळीच. ऑइल सील व्हायटॉनचेच घेतले आहेत. बाजारातले साधे काळे सील स्वस्त पडतात, पण ते बदलायला केस पुन्हा उघडावी लागली की स्वस्ताई संपते.

आता ब्लॉक. मूळ ब्लॉकला स्लीव (आत बसवलेली वेगळी नळी) नाही, ॲल्युमिनियमच्या बोअरवर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या भोकावर, थेट हार्ड क्रोम आहे. पाच गिअर, ब्रेम्बोची डिस्क आणि हा क्रोमचा बोअर, या तिन्हींचं त्या काळी कौतुक होतं. आज क्रोम सोलला की बोअर मोठा करायची सोय नाही. झुंडाप केएस १७५ चा ब्लॉक जर्मनीहून मागवावा असं चाळीसगावहून सुचवलं गेलं. पण ती गाडी पाण्याने थंड होणारी आणि आपली हवेवर, त्यामुळे बोअर दोन्हींचा ६२ मिमी असूनही उपयोग नाही. म्हणून बिडाची स्लीव.

क्रोमवर साधं टूल घासून बोथट होतं. कार्बाइडचं टूल घेऊन पहिलाच कट क्रोमच्या खाली, ॲल्युमिनियममध्ये, अर्धा मिमी घ्यायचा, म्हणजे क्रोम कपच्यांनी निघून जातो. क्रोम काढायला ॲसिड अजिबात नको, ते ॲल्युमिनियमही खातं. बोअर ६७ मिमीच्या आसपास नेला, म्हणजे स्लीवची भिंत अडीच मिमी. स्लीव बोअरपेक्षा ०.१० मिमी मोठी ठेवली. ब्लॉक २२० अंशांना तापवला की त्याचा बोअर साधारण ०.२९ मिमी फुगतो, म्हणजे स्लीव आत जायला ०.१९ मिमी मोकळी जागा मिळते. ती हाताने सरकते, पण पोर्टच्या खिडक्या (वायू आत-बाहेर जाण्याची भोकं) जुळवायला वेळ फार थोडा असतो. स्लीववर आणि ब्लॉकवर आधीच उभी खूण करून ठेवा. स्लीवची कॉलर (बाहेर आलेली कड) तिच्या खाचेच्या तळाशी टेकेपर्यंत वरून वजन ठेवा, नाहीतर हेड आवळल्यावर स्लीव खाली दबते आणि बोअर वाकडा होतो.

इथपर्यंत सगळं ठीक. खिडक्यांच्या कडा अर्धा मिमी गोल केल्या, रिंगच्या टोकांमधली गॅप ०.२५ मिमी ठेवली, होनिंग (बोअर दगडाने घासून मापावर आणणं) आधी २२० आणि मग ४०० च्या दगडाने. क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि बोअरच्या व्यासातला फरक, ठरला होता ६० मायक्रॉन. होनिंगवाल्याच्या गेजवर ६० च दिसला.

जॅम झाल्यावर पहिला संशय हवेच्या गळतीवर. इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद करून केसमध्ये दाब भरला. यासाठी ब्लडप्रेशरच्या यंत्राचा फुगा आणि डायल उत्तम: ३०० चा आकडा म्हणजे ०.४ बार, आपल्याला हवा तेवढाच. पाच मिनिटांत काटा ३०० वरून २९० वर आला. गळती नाही. दुसरा संशय उन्हावर. समोर कूलरचा पंखा लावला, इंजिन जास्त वेळ चाललं, पण शेवटी पकडलंच. मग ब्लॉक उतरवला.

पिस्टनवरचे डाग सगळं सांगतात. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला डाग असते तर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) किंवा उष्णता जास्त. इनटेकच्या बाजूला खरवडलेलं असतं तर तेल कमी. इथे गजनपिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) दोन्ही बाजूंना, चार कोपऱ्यांत, चार उभे चकचकीत पट्टे होते. पिनजवळ पिस्टनचा धातू जाड असतो, तो जास्त फुगतो. चार कोपरे म्हणजे क्लिअरन्स कमी.

मग ६० मायक्रॉन गेले कुठे? दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पिस्टन, ब्लॉक आणि गेज रात्रभर एकाच फरशीवर ठेवून मोजलं, तर क्लिअरन्स ४७. गोम तापमानात आहे. होनिंग भर दुपारी झालं. वर्कशॉपमध्ये ४२ अंश, आणि होनिंगच्या घर्षणाने ब्लॉक हाताला चटका बसेल इतका, म्हणजे सुमारे ६० अंश. ६२ मिमीचा बिडाचा बोअर गेजपेक्षा १८ अंशांनी जास्त गरम असला तर १२-१३ मायक्रॉन मोठा दिसतो, बाहेरच्या ॲल्युमिनियममुळे थोडा जास्तच. पिस्टनचं माप मात्र सकाळच्या गारव्यात घेतलेलं. गेज मिटुटोयोचं, बिनचूक, पण ते तापलेल्या बोअरचंच माप दाखवणार.

उलटंही घडतं. मे महिन्याच्या दुपारी बोअर आणि पिस्टन दोन्ही ४४ अंशांना असतील तर ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडापेक्षा जास्त फुगलेला असतो, आणि क्लिअरन्स २० अंशांच्या मापापेक्षा सुमारे १३ मायक्रॉन कमी दिसतो. म्हणजे जळगावच्या उन्हाळ्यात एकच ब्लॉक वेळेप्रमाणे वेगवेगळी मापं देतो. डिझेल पंपाचे ब्लॉक बोअर करणाऱ्यांना याचं काही वाटत नाही, कारण तिथे तीन-चार थाव (इंचाचा हजारावा भाग) सहज सोडतात आणि एक थाव म्हणजेच २५ मायक्रॉन. आपला सगळा हिशेब अडीच थावांचा.

आधी ठरवलं होतं की पुढचं होनिंग पहाटे करायचं. पण त्यापेक्षा सोपं सुचलंय: बोअरवेलचं पाणी. पिस्टन आणि ब्लॉक एकाच टबात अर्धा तास बुडवून ठेवायचे, मायक्रोमीटर आणि गेज टबाशेजारी सावलीत. मग पुसून लगेच मोजायचं. पिस्टन आणि ब्लॉक एका तापमानाला येतात, वातानुकूलित खोलीची गरज नाही. मोजल्यावर लगेच तेलाचा हात फिरवा, बिडाला गंज चढायला वेळ लागत नाही. होनिंग चालू असताना दगडावर डिझेलची धार सतत हवी, आणि दर काही फेऱ्यांनी थांबून ब्लॉक थंड करायचा.

नवा क्लिअरन्स ६५ ठेवतोय, म्हणजे व्यासात आणखी १८ मायक्रॉन काढायचे. पट्टे ६०० च्या पेपरने हलके पुसले, पिस्टन वाचला आहे. होनिंगनंतर ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने, पांढरं फडकं काळं येईनासं होईपर्यंत धुवायचा. पेट्रोलने दगडाची पूड निघत नाही, ती नुसती पसरते.

हे लिहिताना आणखी एक शंका आली. होनिंगच्या वेळी ब्लॉक मोकळा होता, आणि स्टड आवळल्यावर बोअरचा आकार थोडा बदलत असणार. म्हणून होनिंग लगेच न करता आधी २५ मिमी जाडीची लोखंडी प्लेट, मध्ये ६४ मिमीचं भोक, हेडच्याच टॉर्कने आवळून बोअर वर, मध्ये आणि खाली मोजतो. फरक ५ मायक्रॉनच्या वर निघाला तर प्लेट लावूनच होनिंग.

धुळ्याच्या मित्राकडचा दुसरा ब्लॉक मात्र स्लीवसाठी कापायचा नाही. त्याचा क्रोम खिडकीपाशीच सोलला आहे, भिंत शाबूत आहे. तो निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर) मुलामा द्यायला पाठवायचा विचार आहे. खर्च स्लीवच्या कितीतरी पट, पण बोअर आणि पिस्टन दोन्ही ॲल्युमिनियमचे राहतात, एकत्र फुगतात, आणि वर लिहिलेली निम्मी डोकेदुखी उरत नाही. त्यासाठी ६२ चा पिस्टन हवा. कुणाकडे असेल तर रिंगचे पेग (रिंग फिरू नये म्हणून खाचेत असलेल्या बारीक पिना) नक्की कुठे आहेत ते कळवा, पेग खिडकीसमोर येत असेल तर तो पिस्टन नको.