सुभेदार काकांची वही

मी ठाण्यात नौपाड्याच्या एका बँकेत पेन्शनच्या टेबलावर बसते, आता नऊ वर्षं होतील. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांची जत्राच, शटर वर जायच्या आधीपासून पायऱ्यांवर पिशव्या मांडीवर घेऊन आजी-आजोबा बसलेले असतात. आणि त्या रांगेत दरवर्षी सगळ्यात शेवटी उभे असायचे सुभेदार काका. शेवटी, कारण त्यांच्या पुढच्या सात-आठ बायका त्यांनीच आणलेल्या असायच्या, कोणी कळव्याची, कोणी दिव्याची, एक मावशी तर मुरबाडहून एसटीने कल्याण आणि तिथून लोकलने यायच्या. सगळ्या फौजींच्या विधवा. "आधी ह्यांचं होऊ द्या मॅडम, मी उभा राहतो." ७७ वर्षांचा माणूस, पाठ अशी ताठ की खुर्ची द्यायची पण भीती वाटायची.

ह्या बायकांचे अंगठे मशीनवर उठायचे नाहीत. आयुष्यभर भांडी, शेण, भाताची लावणी, रेषाच राहिलेल्या नाहीत. काका खिशातून ओला रुमाल काढून एकेकीला बोटं पुसायला द्यायचे, मग थोडं थांबून परत लावायला लावायचे, तरी नाही झालं तर मोबाईलवर चेहऱ्याचा फोटो घेऊन दाखला काढायचा, ते सगळं त्यांनी स्वतः शिकून घेतलं होतं. आणि हातात एक लांब लाल वही. प्रत्येक बाईचं एक पान, तिचा पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा), नवऱ्याचा आर्मी नंबर, आधारवरचं नाव कसं, रेकॉर्डमधलं नाव कसं, सगळं बारीक सरळ अक्षरात. बँकांमधून पेन्शन संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' ह्या ऑनलाइन पोर्टलवर गेली तेव्हा कित्येक जणींचं अडकलं, त्यातल्या निम्म्या तरी ह्या वहीमुळे सुटल्या हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

काका मराठा लाइट इन्फंट्रीचे, पहिली बटालियन, जंगी पलटण. ४ फेब्रुवारीला मराठा दिन, म्हणजे तानाजींनी सिंहगड घेतला तो दिवस, त्या दिवशी ते न चुकता पेढे घेऊन यायचे, वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना. लढाईबद्दल मात्र कधी बोलायचे नाहीत. एकदाच बोलले, सिस्टीम डाऊन होती आणि बाहेर पाऊस. बांगलादेशातलं, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं जमालपूर, डिसेंबर १९७१. आपल्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी तिथल्या पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून पत्र पाठवलं, तर उत्तराच्या कागदात गुंडाळून बंदुकीची गोळी परत आली. मग १० तारखेच्या रात्री ते लोक वेढा फोडून ढाक्याकडे निसटायला निघाले ते थेट मराठ्यांच्या मोर्चांवरच आले. काका तेव्हा तेविशीतले साधे शिपाई. "सकाळ झाली तेव्हा जमालपूर आपलं होतं," म्हणाले, आणि गप्प झाले. मग बऱ्याच वेळाने, "माझ्या डाव्या हाताचा जोडीदार सकाळ बघायला नव्हता." त्या जोडीदाराची बायको म्हणजे मुरबाडच्या मावशी. वहीतलं पहिलं पान त्यांचं.

काका गेले ते झोपेतच. जवाहरबागेत स्मशानात मी गेले होते, त्यांच्या बरोबरचे चार-पाच म्हातारे फौजी बेरेट घालून आले होते, त्यातल्या एकाने "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की" म्हटलं आणि "जय" म्हणताना सगळ्यांचेच आवाज फुटले, माझाही.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी काकू आल्या. बरोबर मुलगी होती, आणि मागे त्या सगळ्या बायका. कोणी बोलावलं नव्हतं त्यांना. काकांचा नियम होता, नवरा गेल्यावर पहिल्यांदा बँकेत एकटीने जायचं नाही. मी मृत्यूचा दाखला घेतला, पेन्शन गेलेल्या दिवसापर्यंतची धरतात आणि फॅमिली पेन्शन दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, जास्तीची जमा झाली असेल तर ती परत जाईल, हे समजावलं आणि कागद जुळवायला बसले. आणि माझा हात थांबला. पीपीओवर काकूंचं माहेरचं नाव. आधारवर, पासबुकावर, सगळीकडे लग्नात ठेवलेलं नाव. १९७३ साली कुठल्यातरी कारकुनाने सांगितलं तसं लिहून घेतलं असेल, आणि नंतर कोणी बघितलंच नाही. ज्या माणसाने दुसऱ्यांची नावं जुळवण्यात वर्षं घालवली त्याने स्वतःचा कागद उघडून बघितला नव्हता. मी वही मागून घेतली, पानं उलटली. अकरा बायकांची अकरा पानं. काकूंचं पान नव्हतं.

काकू काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या पदर बोटाला गुंडाळत बसल्या. मला काय बोलावं सुचेना, कारण आता हे किती महिने जाणार ते मला माहीत होतं.

तेव्हा मुरबाडच्या मावशी पुढे आल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी "बरं हाय का" ह्याच्यापलीकडे बोललेल्या नव्हत्या, सही येत नाही त्यांना. खुर्ची ओढून काकूंना चिकटून बसल्या आणि सांगायला लागल्या, "वहिनी, माझंबी असंच झालं व्हतं. दोन्ही नावं एकाच बाईची आसं ॲफिडेव्हिट करायचं. लग्नाची पत्रिका हाय का? नसंल तर दोन साक्षीदार. मग सैनिक कल्याणच्या हापिसात जायचं, तिथून शिक्का, मग बेळगावला रेकॉर्ड हापिसात. झेरॉक्स ठेवायची, येक नाय, तीन. भाऊंनी मला तीन सांगितल्या व्हत्या." एकही पायरी चुकली नाही. मी नुसती ऐकत होते, कळव्याच्या ताई मान हलवत होत्या, दिव्याच्या आजींनी तेवढ्यात काकूंच्या मुलीला वकिलाच्या मुन्शीचा नंबर पण दिला.

मग मावशींनी वही माझ्यासमोर सरकवली. "मॅडम, तुमी लिवा. वहिनींचं पान."

बाराव्या पानावर मी काकांचा आर्मी नंबर लिहिला, पीपीओ नंबर लिहिला, खाली दोन्ही नावं एकाखाली एक, जशी ते लिहायचे तशी. अक्षर काही तेवढं सरळ आलं नाही.

कागद बेळगावला गेलेत. वही आता माझ्या ड्रॉवरमध्ये असते, सगळ्यांनी मिळून तसं ठरवलं. दर सोमवारी साडेदहाच्या सुमारास मुरबाडहून फोन येतो, नातू लावून देतो, आणि मावशी विचारतात, "वहिनींचं बेळगावचं आलं का वो?"