हो, परक्या बाईचं दूध पाजलं

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि एकदाच काय ते सांगून टाकावं म्हणून लिहिते. लेक चार वर्षांची होत आली, तरी हळदीकुंकवाला, लग्नकार्यात कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतंच, "पोटच्या पोरीला परक्या बाईचं दूध द्यायला तुझं मन कसं धजलं गं?"

धजलं नव्हतं.

बीपी वाढलं आणि २९ व्या आठवड्यात सिझेरियन झालं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ती १०८० ग्रॅमची होती. तिसऱ्या दिवशी काट्यावर ९९० दिसले. सुरुवातीला वजन उतरतंच, असं डॉक्टर समजावत होते, पण माझ्या कानात काही शिरत नव्हतं. अळिवाची खीर, शतावरी, दर दोन तासांनी पिळणं, सगळं करूनही वाटीचा तळ नुसता ओला व्हायचा. त्याच दिवशी डॉक्टरांनी दूधपेढीचा, म्हणजे इतर आयांनी दिलेलं दूध साठवून ठेवतात त्या पेढीचा, संमतीचा कागद पुढे केला. पावडरच्या दुधाने एवढ्या कोवळ्या आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा धोका जास्त, आईच्या दुधाने कमी. आपलं नसेल तर दुसऱ्या आईचं. मी म्हटलं, "उद्यापर्यंत थांबा. मला येईल."

त्या रात्री तीन थेंब चीक आला. सिस्टरनी तो कापसाच्या बोळ्याने तिच्या गालाच्या आत लावला. रात्री दोनला मला व्हीलचेअरवरून एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नेलं. पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला. तिच्या तोंडात नळी होती, आणि ती ती नळीच चोखत होती. हळू, थांबून थांबून. नळीतून काहीच येत नव्हतं.

पहाटे सही केली.

सिस्टरनी दट्ट्या काढलेली सिरिंज नळीला जोडली आणि हात वर धरला. दूध आपोआप खाली उतरलं. एक मिली, चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. माझ्या मनात कृतज्ञता वगैरे काही नव्हती. त्या न पाहिलेल्या बाईचा मला राग आला. वॉर्डात जिचं बाळ चुकचुक करत पीत असेल, तिच्याकडे मी संशयाने बघायचे: हीच का ती?

सासूबाईंनी विचारलं, "कुठल्या जातीची, काय खाणारी?" शंभूराजांना कापूरहोळच्या धाराऊनं पाजलं हे सांगताना ज्यांचा गळा दाटतो, त्यांनी हे विचारावं! आणि काही चोरूनमारून केलेलं नव्हतं हो. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली, तेव्हापासून मुंबईत हे चालत आलंय. देणाऱ्या आईची एचआयव्ही, कावीळ बी, सिफिलिसची तपासणी होते. दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून मग गोठवतात.

हे सगळं मी आता घडाघडा सांगते. त्या रात्रीही डॉक्टरांनी सांगितलं होतंच. मग का थांबले? सलाईनमधून तिला पोषण मिळत होतं, एका रात्रीने काही बिघडलं नाही, असं मी स्वतःला बजावते. पण तिच्या पोटापेक्षा मला माझं आईपण मोठं वाटलं, हेही खरंच आहे. कधी एक पटतं, कधी दुसरं.

आठव्या दिवशी पान्हा फुटला. तीन आठवड्यांनी तिला लागेल त्याच्या दुपटीने दूध येत होतं. त्याच सिस्टरनी विचारलं, "ताई, पेढीला द्याल का थोडं?"

मी नाही म्हटलं. उद्या आटलं तर, या भीतीने साठवत राहिले. गरोदरपणापासून मोजलं तर ३४ व्या आठवड्यात ती ओढून प्यायला शिकली, ४९ व्या दिवशी आम्ही घरी आलो. बर्फाच्या डब्यातून अकरा बाटल्या आणल्या होत्या. एकही लागली नाही. सहा महिन्यांनी त्या सगळ्या तुळशीत ओतल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी होती: माझं नाव, तारीख, आणि खाली, ५० मिली.