नागजच्या वाऱ्यावरचा बेदाणा

मिरजेहून पंढरपूरकडे निघालं की कवठेमहांकाळपर्यंत द्राक्षबागा सोबत करतात. नागजच्या आसपास मात्र मोकळा माळ सुरू होतो, आणि त्या माळावर शेडनेटने वेढलेली लांबलचक शेड दिसू लागतात. थेट सांगोला तालुक्यातल्या जुनोनीपर्यंत. आपल्या शिऱ्यात, पुलावात पडणारा बेदाणा इथे तयार होतो. मार्चच्या उन्हात तोच बघायला मी आलो होतो.

द्राक्षं पिकवायची तासगाव-मिरज भागात आणि सुकवायला इतक्या लांब का आणायची, असं मी एका शेडमालकाला विचारलं. ते म्हणाले, "हवेसाठी, पावणं. नदीकाठाला दमटपणा. हितलं वारं कोरडं, आन् दिवसभर वाहतंय." पर्जन्यछायेतला हा दुष्काळी पट्टा. ज्या कोरडेपणाने इथली शेती कायम अडवली, त्यावरच आता हा धंदा उभा आहे, हे मला फार मोलाचं वाटलं.

शेडमध्ये एकावर एक जाळ्यांचे मजले. आणलेले घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून या जाळ्यांवर पसरतात. त्यामुळे सालीवरचा मेणाचा थर फुटतो आणि आतलं पाणी लवकर उडतं. ऊन थेट लागू द्यायचं नाही; सावलीत, नुसत्या वाऱ्यावर सुकवायचं. साधारण दोन आठवड्यांत माल तयार होतो. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा. द्राक्षात गोडी पुरेशी उतरलेली नसेल तर तेवढाही नाही.

इथे थॉम्पसन या बिनबियांच्या जातीची आणि तिच्यातूनच निवडलेल्या वाणांची द्राक्षं येतात. त्यातलं 'तास-ए-गणेश' हे तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेत हेरलं. एका शेतकऱ्याच्या नजरेने पारखलेलं वाण पुढे राज्यभर गेलं. दुकानातल्या पाकिटावर ही हकीकत छापायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

शेडच्या एका टोकाला बायका माल निवडत बसल्या होत्या. काड्या वेगळ्या, काळपट दाणे वेगळे, बारके वेगळे. यंत्राने चाळणी होते, पण शेवटची नजर यांचीच. हात चालू ठेवूनच एक मावशी म्हणाल्या, "रंग बघायचा. रंगावर भाव हाय."

त्या रंगाचाच सगळा घोर आहे. जाळीवर माल असताना आभाळ भरून आलं की शेडमालकाची झोप उडते. पाऊस थेट आत आला नाही तरी हवेतल्या ओलीने दाणा चिकट होतो, काळा पडतो. मग बाजूंना प्लास्टिकचे कागद बांधायचे, पाऊस सरला की ते सोडून पुन्हा वारं घ्यायचं, आणि हे रात्री-अपरात्रीसुद्धा. वर्षभराची बाग, औषधं, मजुरी, सगळं त्या आठ-पंधरा दिवसांवर टांगलेलं असतं. अस्सल हिरवा माल हाती आला तर ठीक. पिवळाधमक रंग हवा असेल तर गंधकाची धुरी देतात. तपकिरी दाणा खाऊन पाहिला, गोडीला कुठेच कमी नव्हता. तरी त्याला भाव कमी, कारण तुम्हा-आम्हाला ताटात चमक लागते. हे मला अन्यायाचं वाटलं.

तिथून तासगावला गेलो. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या गणपती मंदिराचं दाक्षिणात्य धाटणीचं उंच गोपुर पाहिलं आणि बाजाराकडे वळलो. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; तासगाव ही त्याची मोठी पेठ. सौद्यात प्रत्येक लॉटचा नमुना मांडलेला. खरेदीदार मूठ उचलतात, रंग बघतात, दाणा दाबतात. अडत्या किलोचा भाव पुकारत जातो. मालाचा धनी बहुधा मागे उभा असतो, गप्प.

माझ्या शेजारच्या शेतकऱ्याने पुकारलेला भाव ऐकून मान हलवली आणि माल द्यायला नकार दिला. आता पेट्या कोल्ड स्टोरेजला राहणार होत्या, त्यांच्यावर तारण कर्ज काढायचं होतं आणि सणांची मागणी वाढायची वाट बघायची होती. "दर येईल तवा येईल," ते म्हणाले, "पण बागेची खरड छाटणी एप्रिलातच करावी लागती, तिचा पैसा आत्ताच पायजे."