फ्लेक्समागचा खण

मी पुण्यात वास्तुविशारद म्हणून नोकरी करते आणि सध्या माझ्याकडे पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या पुनर्विकासाची कामे आहेत. या कामात नकाशे काढणे मुख्य असते असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात निम्मे कष्ट कोणत्या भाडेकरूच्या ताब्यात किती जागा होती हे ठरवण्यात जातात. भाडे नियंत्रणाचा आजचा कायदा 1999 सालचा असला, तरी पावत्या त्याहून कितीतरी जुन्या असतात आणि त्यांवर चौरस फुटांचा आकडा नसून ‘दोन खण व सज्जा’ एवढेच लिहिलेले असते. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर, आणि ते वाड्यागणिक बदलते. मूळ कागद मागितले की 12 जुलै 1961 रोजी पानशेतच्या पुरात गेले, असे उत्तर मिळते. नदीकाठच्या पेठांत ते सर्रास दिले जाते आणि बऱ्याचदा खरेही असते.

वाडा उभा असेल तर मोजून वाद मिटवता येतो. शनिवार पेठेतला हा वाडा मात्र पावसाळ्याआधी धोकादायक ठरवून उतरवला गेला होता, आणि त्यापूर्वी मोजणी करणाऱ्यांनी जिना खचल्याचे कारण सांगून दुसरा मजला पहिल्यावरून अंदाजाने काढून दिला होता. लेझरचे महागडे यंत्र आणायचे आणि जिना चढायला कंटाळायचे, हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की त्यावर रागावण्याचेही आता सोडून दिले आहे.

वाद एका खणाचा होता. रस्त्याकडच्या सज्ज्याचा शेवटचा खण फळ्या ठोकून बंद केलेला होता आणि तिथे आपले स्वयंपाकघर होते, असे दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचे म्हणणे होते. सज्जा अखेरपर्यंत उघडा होता, असे मालक म्हणत होते. छायाचित्रे बरीच निघाली, पण त्या प्रत्येकात नेमक्या त्याच खणावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स ताणलेला होता. मग काकांनी कापडी पिशवीतून एक फ्रेम काढून टेबलावर ठेवली. त्यात मी काढलेल्या रेखाचित्राची झेरॉक्स होती, खाली माझी सही होती आणि शेवटच्या खणात फळ्यांची भिंत व लहानशी खिडकी स्पष्ट दिसत होती. मी मालकांच्या बाजूच्या खुर्चीवर बसले होते.

सुटीच्या दिवशी पेठांत इमारती रेखाटत बसणे हा माझा खेळ आहे. घडीचे स्टूल, टोक वाकवलेल्या निबचे शाईपेन आणि वही एवढेच सामान लागते. पट्टी आणि खोडरबर मी मुद्दाम नेत नाही. हे निब आडवे धरले की जाड रेघ येते आणि उभे धरले की बारीक, त्यामुळे तुळईची सावली आणि गजाची कड एकाच हाताने निघते. आधी नजरेची पातळी ठरवायची, मग खांबांच्या उभ्या रेघा टाकायच्या, आणि कठड्याचे गज तीन-चारच काढून बाकीचे पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचे. आठवडाभर मिलिमीटरचा हिशेब देणाऱ्या हाताला वाकडेपणाची अशी मोकळीक मिळाली की फार बरे वाटते. त्या दिवशी मी समोरच्या दुकानाच्या पायरीजवळ बसले होते. काकूंनी वरून चहा पाठवला, म्हणून मी त्यांना झेरॉक्स नेऊन दिली, तीही जिन्याखालीच. त्यांच्या घरात मी कधी गेलेच नाही.

आणि फ्लेक्स मी चित्रात काढलेला नव्हता. मी फ्लेक्स कधीच काढत नाही. सगळा सज्जा उघडा दाखवला असता तर चित्राची उजवी बाजू रिकामी पडली असती, तिथे काळ्या वजनाची गरज होती, म्हणून मी दुसऱ्याच एका वाड्याची खिडकी आणून बसवली. गॅब्रिएल कँपनारियो यांनी 2007 मध्ये सिएटलमधून सुरू केलेल्या अर्बन स्केचर्स या चळवळीच्या जाहीरनाम्यात समोरच्या दृश्याशी प्रामाणिक राहण्याचे कलम आहे, ते मला ठाऊक होते आणि अजूनही थोडे जाचक वाटते. विश्रामबागवाड्याचा सज्जा रेखाटताना कुणीही खालची वाहतूक जशीच्या तशी काढत नाही.

मी बैठकीत सांगितले की तो खण मी पाहिलेला नाही, तो कल्पनेने काढला आहे. बोलणे पुरे होण्याआधीच त्याचा अर्थ काय लावला जाणार हे मला कळले. काका शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुमचा पगार कोण देतं ते आम्हाला माहीत आहे.” चहाच्या दिवशी त्यांनी मला ‘बाळ’ म्हटले होते. मालकांच्या वकिलांनी माझे वाक्य ताबडतोब लिहून घेतले, एरवी ते काहीच लिहून घेत नाहीत.

घरी येऊन मी मूळ वही उघडली. पाहून काढलेली रेघ अडखळते; डोळा वर जातो, हात थांबतो, तिथे शाईचा ठिपका साचतो, आणि कित्येकदा शेजारी दुसरी रेघ येते. डाव्या चार खणांत खांबाखालच्या दगडी तळखड्यापासून छतापर्यंत असे ठिपके होते. शेवटच्या खणातली खिडकी मात्र एका दमात, गुळगुळीत उतरलेली होती, म्हणजे माझे म्हणणे कागदावरही दिसत होते. पण त्याच खणाच्या खाली, फ्लेक्सची कड जिथे संपत असेल तिथून, एक उभी दुहेरी रेघ भिंतीवर उतरत होती, तिला मध्ये कोपरा होता आणि कोपऱ्यावर ठळक ठिपका साचला होता. झेरॉक्समध्ये ती जवळजवळ उडालेली होती. ती सांडपाण्याची नळी होती, आणि ती मी नक्की पाहून काढलेली होती, कारण इतकी कुरूप वस्तू मी स्वतःहून चित्रात आणणार नाही. उघड्या सज्ज्याला मोरीची नळी कशाला लागेल?

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही गोष्टी लेखी दिल्या: खिडकी कल्पनेतली आहे, नळी प्रत्यक्षातली आहे. वकिलांनी ती पन्हळीची नळी असेल असे उत्तर दिले, आणि फ्लेक्समुळे तिचे वरचे टोक दिसत नसल्याने ते खोडताही येत नाही. संबंधित कार्यालयाने चित्राची प्रत मागवली, तीही प्रमाण लिहून आणि शिक्का मारून. मी ‘प्रमाणात नाही’ असे लिहून शिक्का मारला. काकांनी माझे पत्र वाचले की नाही, हे मला समजलेले नाही.

निकाल देऊ शकेल अशी एकच वस्तू उरली आहे, ती म्हणजे त्या खणाचा सागवानी खांब. फळ्यांची भिंत असेल तर खांबाच्या कुशीत खोबण असेल, निदान एका ओळीत खिळ्यांची भोके तरी असतील. वाड्याचे लाकूड ठेकेदाराने जुन्या लाकडाच्या वखारीत विकले. तिथले काही खांब पुढे गेले आणि काही अजून रचून ठेवलेले आहेत. हा शोध आमच्या शुल्कात बसत नाही, असे वरिष्ठांचे मत आहे. त्यामुळे वखारीत मी रविवारी जाते.