हिअर ओन्ली

दुपारच्या रिकाम्या बसमध्ये मागच्या बाकावरून फोनवरचं वाक्य कानावर येतं, "आय ॲम हिअर ओन्ली." बोलणारा इकडचाच. ते 'ओन्ली' म्हणजे 'इथेच'मधला च.

शाळेत इंग्रजी क्रियाविशेषणांचा तक्ता घोकून घेतात: रीती, काळ, स्थळ, वारंवारता, परिमाण. शब्द कोणत्या रकान्यातला, हे मुलं धडाधड सांगतात. वाक्यात तो बसवायचा कुठे, तिथे गाडी अडते. 'ऑलवेज' साध्या क्रियापदाआधी येतो, 'ही ऑलवेज कम्स लेट'. पण 'इज' दिसलं की त्याच्यानंतर, 'ही इज ऑलवेज लेट'. आपला 'नेहमी' वाक्यात हवा तिथे बसतो.

'ओन्ली'चं तर सगळं जागेवरच. मीच त्याला दहा रुपये दिले: 'ओन्ली आय गेव्ह हिम टेन रुपीज'. दहाच दिले: 'आय गेव्ह हिम ओन्ली टेन रुपीज'. आपला च शब्दाला मागून चिकटतो, ओन्ली बहुधा शब्दाच्या आधी येतो. एवढं कळलं की वाटतं, सुटलो. मग येतं 'दिलेच'. हा च 'फक्त' म्हणत नाही, ठासून सांगतो. तिथे ओन्ली चालत नाही, 'आय डिड गिव्ह' म्हणावं लागतं. 'इथेच'लाही 'राइट हिअर'. म्हणजे आपला एक च, त्यांची तीन-चार बिऱ्हाडं!

शेवटी एलवाय दिसलं की क्रियाविशेषण, हा आणखी एक भाबडा नियम. 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' चक्क विशेषणं. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे कष्टाळू, 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे कामचुकार. नोकरीच्या अर्जात हा एलवाय भलताच महाग पडतो.

'शी सिंग्ज गुड' ही चूक मात्र थेट घरातून आलेली. मुलगा चांगला गातो, मुलगी चांगली गाते. शब्द गाण्याबद्दल बोलतो, पण वळतो गाणाऱ्याप्रमाणे. म्हणून तो विशेषणच वाटतो आणि जीभ 'वेल' सोडून 'गुड' उचलते. याला हलगर्जीपणा कसा म्हणायचा?

मागच्या बाकावरच्याला 'राइट हिअर' सुचवता येईल. पण 'इथेच आहे'मध्ये 'कुठे गेलो नाही, ये सावकाश' हेही असतं. पलीकडे ते पोचलेलं दिसतंय, कारण फोन खिशात गेलाय आणि तो खिडकीबाहेर बघत बसलाय. उतरायचं नावच नाही.