गेट पडलंय, थांबा की

बेळगावला मोठं शहर म्हटलं की पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत, एकदा संध्याकाळी टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला गाडी घालून बघा म्हणावं. गेट पडलं की टू-व्हीलरवाले दोन्हीकडून अख्खा रस्ता भरून टाकतात, राँग साइडसकट, मग रेल्वे गेली, गेट उघडलं तरी कोण हलतच नाही कारण सगळे समोरासमोर अडकलेले, आणि मागचा हॉर्न वाजवतोय कशाला ते त्यालाच माहीत. हिवाळ्यात सुवर्ण विधानसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की तर विचारूच नका, मोर्चे काय, बंदोबस्त काय, लॉजवर रूम नाही.

गणपत गल्लीत पार्किंग कुठं मिळेल, देव जाणे. पण तिथली भाजीवाली मावशी मला "ताजी हाय, घे की" म्हणते, शेजारच्या अक्कांशी कन्नडमध्ये घासाघीस, तिसऱ्याशी हिंदीत भांडण, आणि हिशेब रुपयाने चुकत नाही. सीमाप्रश्नावर टीव्हीत ओरडणाऱ्यांपेक्षा मला तिचं जास्त पटतं.

आणि कुंदा! दूध आटवून आटवून तांबूस, रवाळ झालेला, तोही कोमट मिळाला तर नशीब. पाव किलो घेतो, गेटवर थांबल्या थांबल्या डबा उघडतो, घरी काय पोचत नाही सगळा.